लिनक्सवाल्या लॅपटॉपचा आवाज गेला तेव्हा आम्ही काय काय केलं

आमच्या दादाला दिसत नाही. तो लॅपटॉप ऐकून चालवतो. ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवतो आणि दादा कीबोर्डवरून कामं करतो, माऊसची गरजच पडत नाही. त्यामुळं आवाज गेला म्हणजे आमच्याकडं नुसती गाणी बंद होत नाहीत, अख्खा लॅपटॉपच हातातून जातो. २०२४ च्या जानेवारीत हेच झालं. आवाज परत येईपर्यंत जे जे करावं लागलं ते तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवतेय, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा मराठीत याबद्दल काहीच धड सापडलं नाही. कमांड मी दादाला तोंडी सांगते तशाच इथं लिहितेय, टाईप करताना त्या अर्थातच इंग्रजीत करायच्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. दादा पेटी शिकवतो. सकाळी घरी मुलं येतात आणि संध्याकाळी सातला ऑनलाईन बॅच असते, त्यात बार्शीची दोन मुलं, एक अक्कलकोटचा आणि पुण्याच्या एक काकू. नोटेशन, फीचा हिशोब, मेल सगळं तो स्वतः करतो. लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स आहे, त्यातलं डेबियन नावाचं, माटे डेस्कटॉपवालं (माटे म्हणजे स्क्रीनवरचा मेनू-खिडक्यांचा भाग). डेबियन घेण्याचं कारण असं की त्याच्या इन्स्टॉलरला, म्हणजे ते मशीनवर बसवणाऱ्या प्रोग्रामला, स्वतःचा आवाज आहे, पेन ड्राईव्हवरून चालू झाल्यावर एस दाबून एंटर मारला की तो बोलायला लागतो आणि ज्याला दिसत नाही तो माणूस कुणाची मदत न घेता इन्स्टॉल पूर्ण करू शकतो. दादानं २०२१ च्या शेवटी डेबियन ११ असंच एकट्यानं टाकलं होतं आणि १० जून २०२३ ला डेबियन १२ आल्यावर गणपतीच्या आसपास अपग्रेड पण स्वतःच केलं.

२६ डिसेंबरला जुना लॅपटॉप चालू व्हायचाच बंद झाला. २०१५ चं मशीन, दुकानात दाखवलं तर मदरबोर्ड गेलाय म्हणाले, साडेनऊ हजार. एवढ्या जुन्या मशीनमध्ये तेवढे घालण्यात अर्थ नव्हता. मग २ जानेवारीला सेकंडहँड घेतला, इंटेलचा अकराव्या पिढीचा आय थ्री, ८ जीबी रॅम, २३ हजाराला. घेताना एकच अट होती, जुनी अडीच इंची एसएसडी (डिस्क) आत बसायला जागा पाहिजे. कारण दादाला नवीन इन्स्टॉल नको होतं. ऑर्काचं सेटिंग, बोलण्याचा वेग, मराठी वाचणारा ईस्पीक या प्रोग्रामचा आवाज, त्यानं वर्षानुवर्षं बसवलेले शॉर्टकट, सगळं त्या एसएसडीवर होतं. दुकानात ती बसवून दिली, बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं ती बूट एंट्री हातानं घालावी लागली तेवढंच. आणि लिनक्सचं हे एक मला फार आवडलं, वेगळ्या मशीनमधली डिस्क काढून दुसऱ्यात घातली तरी काही कुरकुर न करता डेस्कटॉप समोर आला.

फक्त आवाज नव्हता. लॉगिनच्या वेळी ऑर्का बोलतो तो बोललाच नाही. दादा खुर्चीत बसून वाट बघतोय आणि मला समोर डेस्कटॉप दिसतोय. "चालू झाला का गं?" त्यानं विचारलं, मी हो म्हणाले, तर म्हणाला "मग बोलत का नाहीये?" सगळं चालू आहे आणि त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाहीये हे मला फार लागलं.

साउंड सेटिंग उघडलं तर आऊटपुटमध्ये एकच नाव होतं, डमी आऊटपुट. हे नाव दिसलं तर व्हॉल्यूम कमी-जास्त करत बसू नका. त्याचा अर्थ असा की खाली खरं साउंड कार्डच मिळालेलं नाही म्हणून सिस्टीमनं एक खोटं उभं केलंय. वायफाय पण दिसत नव्हतं, पण ते आम्ही बाजूला ठेवलं. फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग चालू केलं की नेट मिळतं, त्याला वेगळं काही टाकावं लागत नाही.

३ तारखेला सकाळी नवी पेठेतनं यूएसबीचं छोटं साउंड ॲडाप्टर आणलं, २२० रुपये. एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला इअरफोन आणि माईकची भोकं. हे लावल्या लावल्या ऑर्का बोलला! ही यूएसबी साउंड कार्डं एका ठरावीक पद्धतीनं चालतात आणि त्यांचा ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळं बहुतेक कुठलंही घेतलं तरी चालतं. तुमच्या घरात कुणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर बाकी काही शोधायच्या आधी हे आणा. दादा निदान स्वतःचा स्वतः लॅपटॉप वापरायला लागला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे पुढची सगळी शोधाशोध त्याला स्वतःला करता आली. तोपर्यंत मी टाईप करून एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते.

पण ते कायमचं उत्तर नव्हतं. इअरफोनच्या माईकवर पेटीचा आवाज फाटका जातो, बारीक स्वर तर पोचतच नाहीत, आणि सतत कानात घालून बसल्यानं दादाचं डोकं दुखायचं. बॅच तेवढे दिवस फोनवरून घेतली.

५ तारखेला लॅपटॉप दुकानात परत नेला. त्यांनी बघितला आणि म्हणाले साउंडचा आयसी (चिप) गेलाय, अडीच हजार होतील, पण आता गड्डा झाल्यावर या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळची आमच्या सिद्धेश्वरांची यात्रा, त्या दिवसांत शहरातल्या निम्म्या लोकांचं लक्ष नंदीध्वजाकडं असतं, आणि ते बरोबरच आहे. तपासायचे ३०० रुपये घेतले. आम्हाला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा थांबायचं म्हणून. घरी येताना रिक्षात दादा म्हणाला, आयसी गेला म्हणतात पण त्यांनी दुसरी सिस्टीम लावून बघितली का? नव्हती बघितली.

ही परीक्षा घरच्या घरी होते आणि फुकट होते. ८ तारखेला मावसभावाकडनं उबुंटूचा (हे लिनक्सचंच दुसरं एक रूप) पेन ड्राईव्ह आणला. त्यावरनं लॅपटॉप चालू केला, इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं ट्राय म्हणायचं. टेस्टचा आवाज स्पीकरमधनं स्वच्छ आला, डावा वेगळा उजवा वेगळा. आतला माईक पण चालला. वायफायसुद्धा दिसलं. म्हणजे हार्डवेअर ठणठणीत होतं आणि अडीच हजार वाचले. कुणीही आयसी गेला, चिप गेली म्हटलं की पैसे द्यायच्या आधी हे एवढं कराच.

मग प्रश्न राहिला की उबुंटूत आहे ते आपल्या डेबियनमध्ये का नाही. दादाच्या एका ओळखीच्यानं फोनवर एक उपाय सांगितला, मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये (ड्रायव्हरांची सेटिंग तिथं असतात) एक फाईल करायची आणि त्यात एकच ओळ लिहायची, इंटेल डीएसपीच्या ड्रायव्हरची किंमत १. रीस्टार्ट केलं आणि स्पीकर वाजला. दादा एवढा खुश झाला की त्यानं लगेच पेटी ओढली आणि संध्याकाळची बॅच लॅपटॉपवरून घ्यायची म्हणाला. सातला सगळे जोडले गेले, आम्हाला सगळ्यांचं ऐकू येतंय, पण आमचं तिकडं काहीच जाईना. पुण्याच्या काकू हातवारे करून सांगत होत्या, ते मी दादाला सांगितलं. इनपुटच्या यादीत आतला माईक नव्हताच.

याचं कारण नंतर नीट समजलं ते सांगते, कारण हा उपाय सगळीकडं सांगतात. इंटेलच्या गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये आवाजासाठी एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो, डीएसपी. स्क्रीनच्या वरच्या कडेला जी बारीक भोकं असतात ते डिजिटल माईक या डीएसपीला जोडलेले असतात. किंमत १ दिली की लिनक्स डीएसपीला वळसा घालून जुन्या पद्धतीनं थेट स्पीकरच्या चिपशी बोलतं. स्पीकर वाजतो, पण डीएसपीला टांगलेले माईक जगातनं नाहीसे होतात. ज्यांना फक्त ऐकायचंय त्यांना हे चालेल. शिकवणाऱ्याला नाही चालत.

म्हणून ती फाईल उडवली, रीस्टार्ट केलं, यूएसबी ॲडाप्टर लावलं आणि १० तारखेला रात्री जेवणं झाल्यावर दोघं शांतपणे बसलो. दादाचं म्हणणं होतं की आता कुणाचं ऐकायचं नाही, मशीनलाच विचारायचं.

पहिलं, एप्ले डॅश एल. लिनक्सला कोणकोणती साउंड कार्डं मिळालीत त्याची ही यादी. आमच्या यादीत फक्त यूएसबीवालं. दुसरं, एलएसपीसीआय डॅश एनएनके, म्हणजे मशीनच्या आत काय काय हार्डवेअर आहे त्याची यादी. यात टायगर लेक (इंटेलच्या अकराव्या पिढीचं नाव) स्मार्ट साउंड असं नाव आलं आणि खाली ड्रायव्हर पण लिहिलेला होता, एसओएफ ऑडिओ पीसीआय इंटेल टीजीएल. म्हणजे हार्डवेअर दिसतंय, ड्रायव्हर लागलाय, तरी कार्ड तयार होत नाही. मग तिसरं, सुडो डीमेसेज, आणि त्यातनं फक्त फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा प्रोग्राम) शब्द असलेल्या ओळी ग्रेप या शोधायच्या कमांडनं काढायच्या. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चालू होताना काय काय बोलला ते सगळं इथं मिळतं.

ऑर्का वाचत होता, दादा ऐकत होता, मी स्क्रीनकडं बघत होते. एका ओळीत होतं की एसओएफ टीजीएल डॉट आरआय ही फाईल लोड झाली नाही, एरर उणे २. त्याच्या वर आयडब्ल्यूएल वायफायची (इंटेलच्या वायफायची) ओळ, तिथंही एक फाईल लोड झाली नाही, एरर उणे २.

"दोन्हीकडं उणे दोनच आहे का? परत बघ," दादा म्हणाला.

होतं. लिनक्समध्ये उणे २ म्हणजे अशी फाईल नाही. एवढंच. काही बिघडलेलं नाही, काही जळलेलं नाही, दोन फाईली जागेवर नाहीत. खालच्या एका ओळीत तर कर्नलनं सरळ लिहिलं होतं की तुम्हाला हे फर्मवेअर डाऊनलोड करावं लागेल. इतके दिवस ती ओळ तिथंच होती. आवाज आणि वायफाय या दोन वेगळ्या तक्रारी नव्हत्याच, एकच होती. तुमच्याकडं पण दोन गोष्टी एकदम बंद असतील तर आधी त्यांचं समाईक कारण शोधा.

आता या फाईली का नव्हत्या. जुन्या लॅपटॉपला त्यांची गरजच नव्हती. २०१५ च्या मशीनमधला आवाज साध्या पद्धतीनं चालायचा आणि त्याचं वायफाय अथेरॉस कंपनीचं होतं, त्यातल्या चिपलाही वेगळं फर्मवेअर लागत नव्हतं. नवीन मशीनचा डीएसपी मात्र चालू होताना रिकामा असतो, त्याला दर वेळी आपला प्रोग्राम बाहेरनं भरावा लागतो. तो प्रोग्राम म्हणजे साउंड ओपन फर्मवेअर, एसओएफ. त्याचा सोर्स खुला आहे, पण असल्या लॅपटॉपमधला डीएसपी इंटेलची सही असलेलीच फाईल घेतो, म्हणून डेबियन ती मुख्य भांडारात न ठेवता वेगळ्या विभागात ठेवतं. पॅकेजच्या नावातच ते आहे, फर्मवेअर डॅश एसओएफ डॅश साईन्ड.

डेबियन ११ पर्यंत ही असली पॅकेजं नॉन-फ्री विभागात होती आणि अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसायची. मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाचा प्रश्न होता तो. पण त्यातनं असं व्हायला लागलं की नवीन लॅपटॉपवर डेबियनचा बोलणारा इन्स्टॉलर बोलायचाच नाही, कारण आवाजाचं फर्मवेअरच आत नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी ती सोय केली त्यांनाच ती मिळेना. २०२२ मध्ये डेबियनच्या लोकांनी यावर बरीच चर्चा करून मतदान घेतलं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांची ही अडचण त्या चर्चेत स्पष्ट मांडलेली होती. निकाल फर्मवेअर घालण्याच्या बाजूनं लागला, म्हणून डेबियन १२ मध्ये नॉन-फ्री-फर्मवेअर असा स्वतंत्र विभाग आला आणि आता इन्स्टॉलरमध्येच ते मिळतं. दादानं हे मला ऐकवलं तेव्हा मला खरंच भरून आलं. तत्त्व सोडायचं नाही असं मानणाऱ्या माणसांनी कुणाला तरी ऐकू यावं म्हणून वाट काढली.

आमचं १२ हे ११ वरून अपग्रेड केलेलं. सोर्सेस लिस्टमध्ये, म्हणजे पॅकेजं कुठनं घ्यायची त्या यादीत, फक्त मेन (मुख्य विभाग) होतं, नवा विभाग तिथं आपोआप येत नाही. १२ वर अपग्रेड केलेल्या सगळ्यांनी हे एकदा बघून घ्या.

११ तारखेला सकाळी ते केलं. एटीसी, एपीटी, सोर्सेस डॉट लिस्ट ही फाईल उघडायची (आधी तिची कॉपी करून ठेवा), प्रत्येक ओळीत मेनच्या पुढं एक जागा सोडून नॉन-फ्री-फर्मवेअर लिहायचं, सेव्ह करायचं. मग एपीटी अपडेट, आणि मग एपीटी इन्स्टॉल करून दोन पॅकेजं, फर्मवेअर डॅश एसओएफ डॅश साईन्ड आणि फर्मवेअर डॅश आयडब्ल्यूएलवायफाय. नेट फोनच्या टेदरिंगवरच होतं, रोजच्या डेटा पॅकमध्ये आरामात भागलं. त्यानंतर नुसतं रीस्टार्ट न करता पूर्ण शटडाऊन करून, थोडं थांबून परत चालू केलं.

वायफाय लगेच आलं. डमी आऊटपुट गेलं आणि एसओएफवालं कार्ड आलं. पण स्पीकर गप्पच! माझा जीव खालीवर झाला, दादा मात्र शांत होता. तो म्हणाला कार्ड आलंय ना, मग आता म्युट असणार. यूएसबी परत लावून त्यानं बघितलं तर तसंच होतं. नवीन कार्ड पहिल्यांदा येतं तेव्हा त्याचे काही चॅनल बंद असू शकतात. ज्यांना दिसतं त्यांनी अल्सामिक्सर (आवाजाचे चॅनल दाखवणारा प्रोग्राम) उघडावं, एफ सिक्सनं आपलं कार्ड निवडावं, ज्या खांबाखाली एमएम लिहिलंय तिथं जाऊन एम दाबलं की ओओ होतं. पण अल्सामिक्सर ते खांब नुसते काढून दाखवतं, ऑर्काला ते धड वाचता येत नाहीत. दादा त्याच्याऐवजी एमिक्सर वापरतो, एका ओळीत कार्डाचा नंबर, सेट, मास्टर, अनम्युट, आणि तसंच स्पीकरसाठी. ही माहिती कुठं फारशी मिळत नाही म्हणून मुद्दाम लिहिली. एक अजून, यूएसबी ॲडाप्टर लावलेलं असेल तर आवाज त्याच्यातच जात राहतो, स्पीकर तपासताना ते काढून ठेवा.

ॲडाप्टर काढलं आणि स्पीकरमधनं ऑर्कानं डेस्कटॉप म्हटलं. दादानं व्हॉल्यूम वाढवला, मग कमी केला, मग टर्मिनल उघडून एप्ले डॅश एल परत चालवलं आणि पूर्ण यादी शेवटपर्यंत ऐकली. आई आतनं म्हणाली, आला का रे आवाज? त्यानं तिला यादीच ऐकवली.

संध्याकाळच्या बॅचला माईक चालला. फक्त सूर लांबवला की तिकडं आवाज विरतोय असं बार्शीच्या मुलानं सांगितलं. ते लिनक्सचं काम नाही. ऑनलाईन मीटिंगची ॲप्स सलग एकसारखा आवाज आला की त्याला पंख्याचा आवाज समजून दाबतात आणि पेटीचा लांब सूर नेमका तसाच असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये नॉईज सप्रेशन बंद केलं की झालं. गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या सगळ्यांनी हे बंद ठेवा.

खर्चाचं सांगायचं तर लॅपटॉप सोडून ॲडाप्टरचे २२० आणि दुकानातले तपासायचे ३०० गेले, रिक्षाचं भाडं वेगळं. फर्मवेअर फुकट. ॲडाप्टर दादानं लॅपटॉपच्या बॅगेत कायमचं ठेवलंय, कधी कर्नल अपडेटनंतर आवाज गेलाच तर त्याला कुणाची वाट बघायला नको.

दादाच्या ओळखीतले अजून दोघं आता जुनी डिस्क नव्या मशीनमध्ये घालणार आहेत. त्यांना आम्ही सांगितलंय की डिस्क हलवायच्या आधीच, जुना लॅपटॉप बोलतोय तोवरच, ही दोन पॅकेजं टाकून घ्या. वायफाय इंटेलचं नसेल तर त्या कंपनीचं पॅकेज वेगळं असतं, ते मशीन घेताना दुकानात विचारून घ्या. तुम्ही कुणाकडं मदत मागणार असाल तर आवाज येत नाही एवढंच सांगू नका, एप्लेची यादी आणि डीमेसेजमधल्या फर्मवेअरच्या ओळी सोबत पाठवा. मला विचारलंत तर मी पण आधी तेच मागेन, आणि दादा शेजारी असला तर तोच उत्तर देईल.